होडी कोणती? आणि कोणाची?

खोल समुद्रातील मासेमारीचा विषय निघाला की तज्ज्ञांची चर्चा थोड्याच वेळात नौकेच्या आकारावर येऊन ठेपते. एका धडाची नौका बरी, की दोन अरुंद धडे आडव्या डेकने जोडलेली कॅटॅमरान बरी? प्रदर्शनांतून दोन्हींचे गुळगुळीत नमुने मांडलेले असतात आणि विक्रेता दोन्हींचे गुण सारख्याच उत्साहाने सांगतो. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम जारी केले. वीस लाख चौरस किलोमीटरच्या त्या पाण्यात जाताना मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना अग्रक्रम मिळेल, असे त्यांत म्हटले आहे. त्यामुळे हा प्रश्न आता हौशी दर्यावर्दींचा राहिला नसून किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांचा व त्यांच्या संस्थांचा झाला आहे. संस्थेने कर्ज काढावयाचे ते कोणत्या नौकेसाठी, हे ठरविण्यापूर्वी प्रश्न कोणी व कसा मांडला आहे याची झडती घेणे भाग आहे.

तांत्रिक बाजू आधी संपवून टाकू, कारण ती खरोखरच फारशी लांब नाही. दोन धडांची नौका रुंद पायावर उभी असल्याने कमी डुलते, तिचा डेक ऐसपैस असतो, ती उथळ पाण्यात जाऊ शकते आणि धडे अरुंद असल्यामुळे वेगात जाताना पाणी कापण्यास तिला कमी जोर लागतो. हे सर्व खरे आहे. तथापि मासेमारीची नौका शर्यतीची नौका नव्हे. जाळे ओढताना अगर गळ टाकताना ती संथपणे चालते, आणि संथ चालीत दोन धडांचा पाण्याशी होणारा घर्षणविरोध एका धडापेक्षा जास्त असतो. म्हणजे ज्या इंधनबचतीची जाहिरात केली जाते ती नेमकी काम करतानाच नाहीशी होते. दुसरे असे की या नौकेला ओझे सोसवत नाही. पंधरा-वीस दिवसांचे डिझेल, पाणी, टनावारी बर्फ आणि परतीचे मासे भरले की तिची धडे खोल रुततात, डेकचा तळ लाटांवर आपटू लागतो आणि तिचे सारे गुण संपुष्टात येतात. इंजिने बहुधा दोन, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च दोन इंजिनांचा. उलटली तर उलटीच राहते. ससून डॉकसारख्या बंदरात नौका एकमेकींना खेटून उभ्या असतात. तेथे दोन नौकांची जागा अडविणाऱ्या या पाहुणीला कोण थारा देणार? एका धडाची नौका डुलते हे खरे, खलाशाला तिच्यावर झोप लागत नाही हेही खरे. पण तिच्या पोटात खोल जागा असते, तेथे बर्फ टिकतो, आणि ती बांधणारा व सांधणारा कारागीर किनाऱ्यावर मिळतो. तेव्हा बारा सागरी मैलांच्या पलीकडे, अनेक दिवस राहून मासे आणावयाचे असतील, तर आजच्या परिस्थितीत एका धडाची पंधरा ते वीस मीटर लांबीची नौकाच योग्य, यात संशयाला फारशी जागा नाही.

एवढ्यावर विषय मिटला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. विषय मिटत नाही याचे कारण ‘कॅटॅमरान’ या शब्दातच दडलेले आहे.

हा शब्द तमिळ आहे. ‘कट्टू’ म्हणजे बांधणे, ‘मरम’ म्हणजे लाकूड. कट्टूमरम म्हणजे बांधलेली लाकडे. मराठीत त्याला नेमका शब्द आहे ‘सांगड’. नदी उतरण्यासाठी दोन ओंडके वा दोन डोण्या एकत्र बांधीत त्यास सांगड म्हणत, आणि ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आज सभासंमेलनांतून जो सहज वापरला जातो तो तेथूनच आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज दर्यावर्दी विल्यम डँपियर याने कोरोमंडल किनाऱ्यावर ही सांगड पाहिली व तिचे नाव युरोपात नेले. पुढे पाश्चात्त्यांनी ते नाव दोन धडांच्या नौकेला चिकटविले. तशा नौकांची खरी परंपरा होती पॅसिफिक बेटांवरची. आज तेच नाव लाखो रुपयांच्या क्रीडानौकांवर मिरवते आणि ज्यांनी ते दिले त्यांची सांगड सरकारी दफ्तरात ‘पारंपरिक साधन’ या रकान्यात, म्हणजे नाहीसे होण्याच्या वाटेवरच्या वस्तूंत, मोडते. मालाबरोबर शब्दही नेण्याची ही रीत जुनीच आहे.

पण ही सांगड मागासलेली म्हणून टिकली, की शहाणपणाची म्हणून? कोकणच्या माणसाला याचे उत्तर चटकन सुचणार नाही, कारण त्याच्या वाट्याला खाड्या आल्या आहेत. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत दर काही कोसांवर खाडी आहे, तिच्या तोंडाशी होडी सुरक्षित नांगरता येते. म्हणून येथे मचवे, गलबते, नाळ उंच असलेल्या होड्या घडल्या, आणि यंत्र आले तेव्हा ते याच देशी होड्यांच्या पोटात बसले. कोरोमंडल किनाऱ्याची गोष्ट वेगळी. तेथे सरळसोट पुळण आहे, आडोसा क्वचितच, आणि किनाऱ्याशी बारा महिने फुटणारी लाट. मद्रासला एकोणिसाव्या शतकात कृत्रिम बंदर बांधले जाईपर्यंत मोठी जहाजे दूर समुद्रात उभी राहत. माणसे व माल ‘मसुला’ नावाच्या शिवलेल्या होड्यांतून किनाऱ्यावर येई, आणि मसुलाही जाऊ शकत नसे अशा हवेत कट्टूमरमवाला पाणी न शिरणाऱ्या टोपीत पत्रे घालून जहाजापर्यंत जात असे. साम्राज्याची टपाल ज्या लाकडांवर अवलंबून होती ती लाकडे अशास्त्रीय कशी?

तिची रचना पाहावी. हलक्या जातीच्या लाकडाचे तीनचार किंवा अधिक ओंडके, पुढच्या टोकाशी निमुळते तासलेले, काथ्याने आवळलेले. पोकळ भाग नाहीच. त्यामुळे पाणी शिरण्याचा आणि बुडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. लाट अंगावरून जाते, माणूस भिजतो, सांगड तरंगत राहते. किनाऱ्यावर आल्यावर दोऱ्या सोडून ओंडके सुटे करावयाचे, खांद्यावरून वर न्यावयाचे, उन्हात वाळवावयाचे. बंदर नको, धक्का नको, डिझेल नको. दोन-तीन माणसे, एक शीड, फाळलेल्या बांबूची वल्ही. आणि भांडवल इतके थोडे की आज दुसऱ्याच्या सांगडीवर जाणारा मजूर काही हंगामांनी स्वतःच्या सांगडीचा धनी होऊ शकत असे. अर्थशास्त्राच्या भाषेत या उद्योगात शिरण्याचा उंबरठा बुटका होता. याच एका गोष्टीमुळे त्या किनाऱ्यावर मालक आणि मजूर यांत पिढ्यान्‌पिढ्या मोठी दरी पडली नाही. व्यापारी व सावकार लूट करीतच होते, नाही असे नाही. पण ते किनाऱ्यावर उभे राहून लुटीत, होडीत बसून नव्हे.

यंत्रयुगाने हा उंबरठा कसा उंच केला त्याचा इतिहास नींडकरा येथे सापडतो. १९५२ च्या ऑक्टोबरात भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि १९५३ पासून क्विलॉनजवळच्या शक्तिकुलंगरा व नींडकरा या गावांत इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. कराराचे हेतू वाचले तर डोळे भरून यावेत. मच्छीमाराचे उत्पन्न वाढावे, ताजा मासा लोकांपर्यंत पोचावा, आरोग्य व स्वच्छता सुधारावी. निर्यातीचा उद्देश त्यात नव्हता. स्थानिक होड्यांना यंत्रे बसविण्याचे प्रयोग आधी झाले, ते फारसे साधले नाहीत. मग नव्या, एका धडाच्या यांत्रिक बोटी आल्या. अष्टमुडी सरोवराचे मुख तेथेच असल्याने बंदराची सोय होती. बोटी प्रथम गावच्याच मच्छीमारांना सवलतीने दिल्या गेल्या. येथपर्यंत कोणी खलपुरुष नाही.

मग कोळंबी आली. गोठविलेली कोळंबी अमेरिकेत व जपानात सोन्याच्या मोलाने विकली जाऊ लागली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला, आणि त्याच कोळंबीचे रुपयांतले उत्पन्न एका रात्रीत दीडपटीहून अधिक वाढले. ज्या उद्योगाकडे आजवर वासामुळे नाक मुरडले जाई त्यात आता मासळीचा काटा कधी हातात न धरलेली माणसे पैसा ओतू लागली. बोट हे उपजीविकेचे साधन होते, ते गुंतवणुकीचे साधन झाले. आणि ट्रॉलरचे जाळे तळ खरवडीत चालणारे. कोळंबी राहते उथळ पाण्यात. म्हणजे ‘खोल समुद्रात जाण्यासाठी’ म्हणून ज्या बोटीला सरकारी मदत मिळाली ती बोट किनाऱ्यालगत, कट्टूमरमच्या आणि वल्ह्याच्या होड्यांच्या पाण्यातच फिरू लागली. त्यांची जाळी फाडू लागली. माशांची पिल्ले, अंडी घालण्याच्या जागा, सारे तिच्या जाळ्यात.

आकडे बोलके आहेत. केरळची सागरी मासळी १९७३ मध्ये सुमारे साडेचार लाख टन होती. १९८० मध्ये ती सुमारे पावणेतीन लाख टनांवर आली. ट्रॉलर वाढत होते, यांत्रिकीकरणावरचा खर्च वाढत होता, आणि मासळी घटत होती. नियोजनाच्या पुस्तकात याला काय म्हणतात कोण जाणे. माशांच्या साठ्यातील चढउताराला निसर्गाचीही कारणे असतात, तारली काही वर्षे येते, काही वर्षे रुसते, हे मान्य करूनही ‘अधिक यंत्र म्हणजे अधिक मासा’ हे समीकरण तेथेच कोसळले असे म्हणावे लागते.

लोक स्वस्थ बसले नाहीत. गोव्यात रापणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ट्रॉलरविरुद्ध संघर्ष उभारला. मद्रासच्या किनाऱ्यावर कट्टूमरमवाले आणि ट्रॉलरवाले यांच्यात रक्त सांडले. १९७८ मध्ये या सर्वांनी मिळून राष्ट्रीय संघटना स्थापन केली, आणि तिच्या पहिल्या नावातच ‘कॅटॅमरान व देशी होडीवाल्या मच्छीमारांचे हक्क’ हे शब्द होते. नाव जरा लांबलचक होते, पण त्यात बरोबर तेच होते जे दिल्लीच्या कागदपत्रांत नव्हते. १९८० मध्ये केरळ व गोव्याने, १९८१ मध्ये महाराष्ट्राने, १९८३ मध्ये तमिळनाडूने सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान होड्यांसाठी राखून ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले. उपोषणे, मोर्चे, रास्ता रोको यांनंतर १९८८ मध्ये केरळात पावसाळी ट्रॉलिंगबंदी आली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेचा विचार करून केरळचे पर्ससीनवरील निर्बंध उचलून धरले. यांपैकी एकही गोष्ट नौकाशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आलेली नाही.

येथे पुरोगामी मंडळींच्या एका सोयीस्कर समजुतीलाही धक्का देणे आवश्यक आहे. ट्रॉलर वाईट म्हणून सांगड पवित्र, असा निष्कर्ष काढणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. ते सांगडीचे छायाचित्र दिनदर्शिकेवर छापतात. रात्रभर कमरेपर्यंत पाण्यात बसून पहाटे चार टोपल्या मासे आणणाऱ्या माणसाला त्या छायाचित्रात स्वारस्य नसते. त्याला कोरडे बसावयाचे असते, मुलाला शाळेत घालावयाचे असते. शिवाय हलक्या लाकडाची झाडे विरळ झाली, ओंडक्यांच्या किमती चढल्या, काही वर्षांनी ओंडके पाणी पिऊन निकामी होतात. कट्टूमरम जसेच्या तसे ठेवा हा उपदेश करणे म्हणजे दारिद्र्याचे संग्रहालय उभारून त्यात माणसे ठेवणे होय.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ मध्ये पंचमढीला लहान यंत्राची कल्पना मांडली तेव्हा त्यांना हाताने राबत राहण्याचा गौरव करावयाचा नव्हता. यंत्र हवे, पण ते राबणाऱ्याच्या आवाक्यातले, त्याच्या ताब्यातले हवे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी या कल्पनेवर भाषणे पुष्कळ केली. ती लाटेत उतरवून पाहण्याचे काम मात्र भलत्याच लोकांनी केले. कन्याकुमारी जिल्ह्यातील मुट्टम या गावी पिएर जिले नावाच्या बेल्जियन अभियंत्याने स्थानिक तरुणांना हाताशी धरून सागरी प्लायवूडच्या लहान होड्या बांधण्याचा उद्योग मांडला. किनाऱ्यावरची लाट, दोन माणसांना ओढता येईल एवढे वजन, आणि मच्छीमाराला फेडता येईल एवढे कर्ज या तीन अटींत बसणारी होडी काढावयाची होती. लाकडाच्या ओंडक्यांऐवजी आत न बुडणारा हलका पदार्थ भरलेली सांगडही त्यांनी करून पाहिली. या अनुभवावर त्यांनी १९८५ मध्ये पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘स्मॉल इज डिफिकल्ट’. शूमाखरच्या १९७३ च्या प्रसिद्ध पुस्तकाला दिलेला हा सौम्य चिमटा. लहान सुंदर असेल, पण अवघड आहे. किती अवघड, हे अन्न व कृषी संघटनेच्या बंगाल उपसागर कार्यक्रमालाही कळले. १९७९ पासून मद्रासला ठाण मांडून त्या तज्ज्ञांनी पुळणीवर उतरणाऱ्या यांत्रिक होडीचे नमुन्यावर नमुने केले, अनेक टाकून दिले, तेव्हा कुठे आंध्र व ओरिसाच्या किनाऱ्यावर काही स्वीकारले गेले. ज्या समस्येचे उत्तर निरक्षर सुताराने काथ्या व ओंडके यांतून काढले होते ती समस्या आंतरराष्ट्रीय अभियंत्यांनाही इतकी जड जावी, यावरून पूर्वीच्या उत्तराची योग्यता लक्षात यावी.

त्याच टापूत सहकाराचाही धडा मिळतो. तिरुवनंतपुरमजवळच्या मरियनाडला मच्छीमारांनी स्वतःची संस्था काढून किनाऱ्यावरचा लिलाव दलालाच्या हातून काढून घेतला. रोजच्या विक्रीतून ठराविक भाग कर्जफेडीला व बचतीला कापून घ्यावयाचा, मासा कमी आला तर हप्ता कमी, जास्त आला तर जास्त. बँकेला हे गणित मान्य होत नाही, कारण बँकेचा महिना तीस दिवसांचा असतो आणि समुद्राचा नसतो. अशा गावसंस्थांतून १९८० मध्ये दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांचा महासंघ उभा राहिला व प्लायवूडच्या होड्या बांधण्याचे कारखाने त्याने स्वतः चालविले. मच्छीमार हा संत नव्हे, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. ज्या केरळी मच्छीमारांनी ट्रॉलरविरुद्ध लढा दिला त्यांच्यातूनच पुढे प्रचंड रिंगसीन जाळी आणि एकीवर अनेक इंजिने लावलेल्या होड्या निघाल्या. आकार ‘पारंपरिक’, भूक ट्रॉलरची. तेव्हा साधनाच्या नावावरून त्याचा वर्ग ओळखता येत नाही.

याउलट तूथूर परिसरातील गावांकडे पाहावे. कन्याकुमारी जिल्ह्यातील ही गावे. तेथील मच्छीमार कट्टूमरमवरून शिडाच्या बळावर दूर जाऊन गळाने मुशी मारीत. त्यांनी पुढे प्लायवूडच्या होड्या घेतल्या, मग एका धडाच्या मोठ्या यांत्रिक बोटी घेतल्या, आणि आज ते लक्षद्वीपच्या पलीकडे व गुजरातच्या समुद्रापर्यंत मुशी व कुपा यांच्या मागे जातात. त्यांच्या वाढत्या बोटींना गावात बंदर नव्हते. त्या कोचीला ठेवाव्या लागत. कोणत्याही मंत्रालयाने त्यांना खोल समुद्राचे शिक्षण दिले नाही. सांगड की एक धड, हा प्रश्न त्यांनी तीनदा सोडविला आणि प्रत्येक वेळी मासा किती दूर आहे, बोट कोठे ठेवावयाची आणि पैसा कोणाचा, या क्रमाने सोडविला. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ आले तेव्हा याच गावांतील बोटी दूर समुद्रात होत्या आणि त्यांना इशारा पोचविण्याची व्यवस्था देशापाशी नव्हती. केरळ-तमिळनाडूची शेकडो माणसे गेली. लहान होड्यांवरची गेली, मोठ्या बोटींवरचीही गेली. ज्या नौकेवर दूरवरचा संदेश पोचत नाही तिची धडे मोजण्यात काय हशील?

आता सरकारी योजनेचे गणित मांडून पाहू. २०१७ मध्ये पाल्क उपसागरातील ट्रॉलरवाल्यांना खोल समुद्राकडे वळविण्याची योजना आली. हेतू निर्विवाद चांगला होता. त्या अरुंद पाण्यात ट्रॉलरांची गर्दी झाली होती, श्रीलंकेच्या हद्दीत शिरून अटक होणे हे नित्याचे झाले होते, आणि तेथील तमिळ मच्छीमारांची जाळी आपले ट्रॉलर फाडीत होते. ट्रॉलर मोडीत काढा, त्याऐवजी लांब दोरीच्या गळाची व गिलनेटची बोट घ्या. बोटीची किंमत ८० लाख रुपये. पैकी केंद्राचे ४० लाख, राज्याचे १६ लाख, बँकेचे कर्ज १६ लाख आणि लाभार्थीचे स्वतःचे ८ लाख. लाभार्थी होण्याची अट अशी की आपल्या मालकीचा नोंदलेला ट्रॉलर असला पाहिजे. म्हणजे सार्वजनिक तिजोरीतून प्रत्येक बोटीमागे ५६ लाख रुपये द्यावयाचे, आणि ते द्यावयाचे आधीच बोटमालक असलेल्याला. त्याच ट्रॉलरवर वीस वर्षे जाळे ओढणाऱ्या खलाशाचे नाव योजनेत कोठेही येत नाही. ट्रॉलर मोडीत निघाला की तो बेकार. नव्या बोटीवर घेतला तर मालकाची मर्जी.

बरे, मालकाला तरी ती परवडते काय? सोळा लाखांवर दसादशे दहाचे व्याज धरले तर पहिल्या वर्षी एक लाख साठ हजार रुपये नुसते व्याज. मुद्दल, डिझेल, बर्फ, गळासाठी लागणारे आमिष वेगळे. ट्रॉलरला सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी परतण्याची सवय. नव्या बोटीला दोन-तीन आठवडे बाहेर राहावे लागते, वेगळे कसब लागते. लहान मालक आठ लाख रोख आणणार कोठून? व्यापाऱ्याकडून. आणि व्यापारी उचल देतो ती मासा त्यालाच, त्याच्याच भावाने घालण्याच्या अटीवर. ५६ लाखांचे सार्वजनिक अनुदान अखेरीस आठ लाखांची उचल देणाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहते. दोन हजार ट्रॉलर वळविण्याचा संकल्प होता आणि प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही जाता आले नाही, याचे आश्चर्य ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब आधी कागदावर मांडला नव्हता.

१९९१ च्या धोरणाने परदेशी भांडवलाशी संयुक्त मालकीच्या मोठ्या जहाजांना खोल समुद्र खुला केला तेव्हा १९९४ मध्ये देशभरच्या मच्छीमारांनी दोनदा संप करून किनारे बंद पाडले. त्यातून नेमलेल्या मुरारी समितीने फेब्रुवारी १९९६ मध्ये अहवाल दिला. त्याचा आशय स्पष्ट होता: ते परवाने रद्द करा, आणि या देशातील मच्छीमारांनाच लहान व मध्यम बोटी, शिक्षण व भांडवल देऊन खोल समुद्रासाठी सज्ज करा. तो मुद्दा आज तीस वर्षांनी नव्या नियमांत, परदेशी जहाजांना बंदी व सहकारी संस्थांना अग्रक्रम या रूपाने, अंशतः का होईना आला आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण याच नियमांत मोठे मातृजहाज आणि त्याला समुद्रातच मासा देणाऱ्या बालनौका अशी रचनाही आहे. मातृजहाज कोणाचे? शीतगृह, तराजू व भाव ज्याच्या हाती तो भर समुद्रातला दलाल होणार आहे. किनाऱ्यावरच्या दलालाला निदान सगळे गाव पाहत असते. बालनौका संस्थांच्या आणि मातृजहाज एखाद्या कंपनीचे, अशी सांगड घातली गेली तर ‘सहकारी’ हा शब्द मजुरीच्या ठेक्याला दिलेले गोंडस नाव ठरेल. त्या बालनौकेला एक धड असो की दोन.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी येथे केवळ प्रेक्षक राहून चालणार नाही. १९८१ चा कायदा आपल्याकडे आहे, पर्ससीनवर २०१६ चा निर्बंध आहे, आणि दोन्ही रोज मोडले जातात हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील लहान मच्छीमार सांगत आला आहे. संस्थांना अग्रक्रम मिळणार म्हटल्यावर कागदी संस्था निघतील. अकरा सभासद एकाच घरातले, अध्यक्ष पर्ससीनचा मालक. म्हणून मागणी नेमकी केली पाहिजे. अनुदानाची बोट व्यक्तीला न देता संस्थेला द्यावी व तिच्या सभासदांत खलाशांची बहुसंख्या असावी. मातृजहाज व शीतगृह यांची मालकी संस्थांच्या संघाकडे असावी. अनुदान तळ खरवडणाऱ्या जाळ्याला एक पैसाही मिळू नये, गळाला व गिलनेटला मिळावे. हप्ता विक्रीच्या प्रमाणात कापला जावा. प्रत्येक बोटीवर दूर पल्ल्याचे संदेशयंत्र असल्याखेरीज तिला समुद्रात सोडू नये, आणि त्याचा खर्च सरकारने करावा. किनाऱ्यालगतचा राखीव पट्टा राखला जात नसेल तर खोल समुद्राच्या गोष्टी बंद कराव्यात, कारण दूर जाणारी प्रत्येक बोट तोट्यात गेली की परत तेथेच येते.

आणि बंदर. एका धडाची मोठी बोट घ्या म्हणणाऱ्याने ती ठेवावयाची कोठे हेही सांगितले पाहिजे. पालघर जिल्ह्यातील सातपाटीने डिझेल, बर्फ आणि पापलेटची विक्री सहकारी संस्थांच्या हाती ठेवून दाखविली. खोल समुद्राची बोट चालविण्यास या राज्यात त्यांच्याहून लायक कोण असणार? परंतु सातपाटीची खाडी गाळाने भरत आली आहे आणि बोटींना आत-बाहेर करण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. त्याच जिल्ह्यात वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटींच्या व्यापारी बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, मच्छीमारांचा विरोध डावलून. वीस मीटरची नवी बोट संस्थेने उद्या आणलीच, तर सातपाटीच्या खाडीत ती ओहोटीला चिखलावर कलंडून पडेल.